वीजबिलाचा जावा प्रोग्राम: दर बदलला तरी रक्कम जुनीच, आणि चुकीची चाचणीही यशस्वी

तिसरा_बाक (प्रश्न)

नमस्कार. मी संगणक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जावाच्या मायक्रो प्रोजेक्टसाठी मी घरगुती वीजबिल काढणारा प्रोग्राम लिहिला. पहिली आवृत्ती एकाच फाइलमध्ये, सगळी मेन मेथडच्या पोटात होती आणि ती व्यवस्थित चालत होती. ‘याचे क्लास पाडा आणि चाचण्या लिहून आणा,’ असे सरांनी सांगितल्यावर मी चार क्लास केले: ग्राहकाची माहिती ठेवणारा कस्टमर, सगळे दर ठेवणारा रेट्स, रक्कम काढणारा बिल आणि चाचण्यांसाठी बिलटेस्ट. टप्पे महावितरणच्या घरगुती बिलात असतात तसे, म्हणजे 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे ठेवले आहेत. दर मात्र हिशेब सोपा जावा म्हणून अनुक्रमे 4, 8, 12 आणि 15 रुपये, तर स्थिर आकार 120 रुपये, असे मनाने घेतले आहेत.

आता तीन गोष्टी घडत आहेत आणि तिन्हींचा मला उलगडा होत नाही.

पहिली गोष्ट अशी की, रेट्समधला पहिल्या टप्प्याचा दर मी 4 वरून 5 केला, ती फाइल जावासीने (जावाच्या कंपायलरने) पुन्हा कंपाइल केली, एकही एरर आली नाही, तरीही 80 युनिटचे बिल 440 रुपयेच येते. ते 520 यायला हवे. दर सार्वजनिक, स्टॅटिक आणि फायनल आहेत. बिल क्लासमध्ये ते नाव घेऊनच वापरले आहेत.

दुसरी गोष्ट चाचण्यांची आहे. बिलटेस्टमध्ये मी असर्ट हा शब्द वापरून अपेक्षित रक्कम तपासतो. रक्कम चुकीची येत असतानाही शेवटी ‘सर्व चाचण्या यशस्वी’ हे वाक्य छापले जाते. मुद्दाम अपेक्षित रक्कम 9999 लिहून पाहिली, तरी तेच. शिवाय प्रत्येक चाचणीच्या वेळी प्रोग्राम ग्राहकाचे नाव आणि युनिट विचारत बसतो, कारण ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कस्टमरच्या कन्स्ट्रक्टरमध्येच कळफलकावरून माहिती वाचणारा स्कॅनर आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे, हाच प्रोजेक्ट प्रयोगशाळेतल्या संगणकावर नेला तर कंपायलर बरोबर 100 एरर दाखवतो आणि त्यातल्या बहुतेक ‘अमान्य अक्षर’ अशा अर्थाच्या इंग्रजी संदेशाच्या आहेत. घरी जावा 21 आहे, तिथे 8 आहे. दोन्हीकडे विंडोज आहे. क्लासची आणि फाइलींची नावे इंग्रजी आहेत, पण आतल्या काही व्हेरिएबलची नावे मी हौसेने देवनागरीत ठेवली आहेत. जावात ती चालतात असे वाचले होते आणि घरी चाललीही.

जुना_कंपायलर

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो, कारण एकाने दुसऱ्याला झाकून ठेवले आहे.

दर का बदलला नाही, ते आधी पाहू. स्टॅटिक आणि फायनल असलेल्या, मूळ प्रकाराच्या किंवा स्ट्रिंग प्रकारच्या आणि तिथल्या तिथे ठरावीक किंमत दिलेल्या व्हेरिएबलला जावा ‘स्थिरांक’ मानते. दुसऱ्या क्लासमध्ये असा स्थिरांक वापरला की कंपायलर तिथे ‘रेट्सकडे जाऊन दर विचार’ अशी सूचना लिहीत नाही. तो 4 हा आकडाच उचलून बिलच्या क्लास फाइलमध्ये, म्हणजे कंपाइल केल्यावर तयार होणाऱ्या फाइलमध्ये, उतरवून ठेवतो. तुम्ही नंतर फक्त रेट्स कंपाइल केले. रेट्सच्या क्लास फाइलमध्ये 5 आला, पण बिलच्या क्लास फाइलला त्याचा पत्ताच नाही. तिच्या पोटात जुना 4 तसाच आहे. दुकानदाराने पाटीवरचा भाव बदलावा आणि गिऱ्हाइकाने मात्र कालच खिशातल्या कागदावर उतरवून घेतलेला भाव वाचत राहावे, तसला हा प्रकार आहे.

यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः पाहा. जेडीके या जावाच्या साधनसंचाबरोबर जावापी नावाचे साधन येते. त्याला हायफन सी हा पर्याय देऊन बिल क्लासचे नाव द्या, म्हणजे त्या क्लास फाइलमधल्या सूचना वाचता येतील असा मजकूर पडद्यावर येईल. गुणाकाराच्या सूचनेच्या आसपास तुम्हाला 4.0 हा आकडा उघडा पडलेला दिसेल आणि त्या दरापाशी रेट्स या नावाचा उल्लेख कुठेही सापडणार नाही. पहिल्या वर्षापासून आपण ‘कंपाइल केले’ एवढेच म्हणतो. काय तयार झाले ते डोळ्यांनी पाहण्याची ही दोन मिनिटे फार शिकवून जातात.

उपाय साधा आहे. शिकत असताना एकेक फाइल कंपाइल करायची काटकसर करू नका. जुन्या सगळ्या क्लास फाइली पुसा आणि सगळ्या जावा फाइली एका आज्ञेत, तारांकन वापरून कंपाइल करा. जावासीला हायफन डी या पर्यायाने वेगळा फोल्डर दिलात तर क्लास फाइली तिथे जातील आणि पुसायचे काम म्हणजे एक फोल्डर पुसणे एवढेच राहील. पुसण्याचा आणखी एक फायदा आहे. उद्या तुम्ही एखाद्या क्लासचे नाव बदलले आणि एका ठिकाणी जुने नाव तसेच राहून गेले, तरी जुनी क्लास फाइल फोल्डरमध्ये पडून असेपर्यंत तुमच्या संगणकावर सगळे सुरळीत कंपाइल होईल. एरर येईल ती सरांच्या संगणकावर, जिथे तुम्ही फक्त जावा फाइली दिल्या असतील.

आता असर्ट. हा शब्द जावात 2002 च्या 1.4 या आवृत्तीपासून आहे, पण प्रोग्राम चालवताना त्याची तपासणी मुळात बंद असते. ती चालू करण्यासाठी जावाच्या आज्ञेत, क्लासच्या नावाच्या आधी, हायफन ईए असा पर्याय द्यावा लागतो. तो न दिल्यास असर्टच्या ओळी वाचल्याही जात नाहीत, प्रोग्राम सरळ शेवटच्या ओळीवर जातो आणि यश छापतो. तुम्ही 9999 लिहून पाहिलेत हे उत्तम केलेत. तेवढी शंका पुष्कळ अनुभवी माणसांनाही येत नाही. नवी चाचणी लिहिली की ती एकदा मुद्दाम नापास करून पाहायची, हा माझा नेम आहे. नापास होऊ न शकणारी चाचणी म्हणजे बॅटरी काढलेला धूरसूचक.

तिसरा_बाक

मनापासून आभार. जावापीमध्ये 4.0 खरोखरच दिसला. सगळे पुसून पुन्हा कंपाइल केल्यावर 80 युनिटचे बिल 520 आले. ईए पर्याय दिल्यावर 9999 ची चाचणीही नापास झाली, आणि ती नापास झाल्याचा इतका आनंद होईल असे वाटले नव्हते.

पण आता नवेच कोडे आहे. नव्या दराने 150 युनिटचे बिल 500 अधिक 400 अधिक 120, म्हणजे 1020 यायला हवे. ते 920 येते. या वेळी मी सगळ्या क्लास फाइली पुसल्या होत्या, दोनदा खात्री केली.

प्रात्यक्षिक_वही

मी अनेक वर्षे हा विषय शिकवतो, त्यामुळे तुमचा कोड न पाहताही अंदाज करतो. दुसऱ्या टप्प्याच्या अटीखाली तुम्ही ‘400 अधिक, युनिट वजा 100, गुणिले दुसरा दर’ असे लिहिले असणार. तिसऱ्याखाली 2000 आणि चौथ्याखाली 4400. हे 400 म्हणजे 100 युनिट गुणिले जुना 4 रुपये दर. दर तुम्ही रेट्समध्ये हलवलेत, पण त्या दरापासून डोक्यात काढलेले गुणाकार बिलमध्येच राहिले. म्हणजे पहिल्या टप्प्याचा दर तुमच्या प्रोग्राममध्ये एका जागी नाही, चार जागी आहे, आणि त्यातल्या तीन जागी तो वेषांतर करून बसला आहे. कोड चार फाइलींत वाटला की तो ऑब्जेक्ट ओरिएंटेड झाला, असा समज आपल्याकडे सर्रास दिसतो. एखादी गोष्ट बदलायची झाली तर किती जागी हात लावावा लागतो, हे मोजून पाहिले की खरे चित्र कळते.

आता दुरुस्ती करताना घाई करू नका. तुम्ही सध्या दर बदलणे आणि कोडची रचना बदलणे ही दोन कामे एकदम करत आहात, आणि मग आकडा चुकला की दोष कोणत्या कामाचा हे सांगता येत नाही. म्हणून दर आधी पुन्हा 4 करा. मूळ, चालणारी आवृत्ती जे आकडे देत होती तेच प्रमाण माना आणि कागदावर हाताने हिशेब करून चाचण्या लिहा. शून्य युनिटला 120, 80 ला 440, 100 ला 520, 101 ला 528, 150 ला 920, 300 ला 2120, 301 ला 2132, 500 ला 4520 आणि 501 ला 4535, एवढे पुरे. अपेक्षित आकडे रेट्समधले दर वापरून चाचणीत गुणाकार करून काढू नका; तसे केलेत तर जी चूक बिलमध्ये आहे तीच चाचणीतही उतरेल आणि दोघे मिळून तुम्हाला सगळे ठीक असल्याचे सांगतील.

काही विद्यार्थी 100 च्या जागी ‘पेक्षा लहान’ हवे की ‘लहान किंवा समान’ यावर बराच वेळ घालवतात. तुमच्या पद्धतीत 100 युनिट अटीच्या कोणत्याही फांदीत गेली तरी रक्कम 520 च येते, कारण दुसऱ्या फांदीत शून्य युनिट उरतात. तरीही 101 ची चाचणी हवीच, कारण सगळी युनिट वरच्या दराने गुणण्याची चूक तिथेच पकडली जाते: 528 च्या ऐवजी 928 येतात.

चाचण्या लिहिण्यापूर्वी एक अडथळा काढावा लागेल, तो म्हणजे कन्स्ट्रक्टरमधला स्कॅनर. ऑब्जेक्ट जन्माला येतानाच कळफलकाची वाट पाहू लागला तर नऊ चाचण्यांसाठी नऊ वेळा टंकन आले, आणि असे असले की तिसऱ्या दिवशी माणूस चाचण्या चालवणे सोडून देतो. कन्स्ट्रक्टरने नाव, ग्राहक क्रमांक आणि युनिट ही माहिती बाहेरून घ्यावी; ती विचारण्याचे काम मेनने करावे. तसेच रक्कम काढणाऱ्या मेथडने रक्कम परत द्यावी, छापू नये. छापलेली रक्कम माणसाला वाचता येते, चाचणीला नाही.

एवढे झाले, सगळे कंपाइल झाले आणि नऊही चाचण्या पास झाल्या की मगच टप्प्यांना हात लावा. टप्पा नावाचा एक छोटा क्लास करा. त्याला तीन गोष्टी माहीत असाव्यात: खालची सीमा, वरची सीमा आणि दर. त्याच्या एका मेथडला एकूण युनिट दिली की तिने आपल्या वाट्याची रक्कम सांगावी. हिशेब असा: एकूण युनिट आणि वरची सीमा यांतले जे लहान, त्यातून खालची सीमा वजा करा, उत्तर शून्याखाली गेले तर शून्य धरा, मग दराने गुणा. 150 युनिटसाठी पहिला टप्पा 100 युनिट आपल्याकडे घेतो, दुसरा 50 घेतो, उरलेले दोन शून्य सांगतात. शेवटच्या टप्प्याला वरची सीमा नसते, तिथे इंट या पूर्णांक प्रकाराची कमाल किंमत, म्हणजे 2147483647, द्या. बिल क्लासकडे फक्त टप्प्यांची यादी राहील आणि त्याचे काम एका लूपचे होईल: प्रत्येक टप्प्याला विचारा, बेरीज करा, स्थिर आकार मिळवा. 400, 2000 आणि 4400 हे तिन्ही आकडे नाहीसे होतील.

मधल्या प्रत्येक पायरीनंतर कंपाइल करा आणि चाचण्या चालवा. टप्पा क्लास लिहिला, कंपाइल, चाचण्या. बिलमध्ये पहिली फांदी काढून तिथे टप्पा वापरला, कंपाइल, चाचण्या. शेवटी 97 एररच्या भिंतीसमोर बसण्यापेक्षा एका एररशी बोलणे केव्हाही बरे. एरर आलीच तर वरून पहिली वाचा. खालच्या पुष्कळशा तिच्याच लेकी असतात.

पैशांबद्दल एक सूचना. आज सगळे दर पूर्ण रुपयांत आहेत म्हणून डबल हा दशांश संख्यांचा प्रकार चालून जातो. वीज शुल्क टक्केवारीने लावायला घेतलेत की डबलमधली 0.1 अधिक 0.2 बरोबर 0.30000000000000004 ही गंमत तुमच्या बिलात शिरेल. रक्कम पैशांत, लाँग या पूर्णांक प्रकारात ठेवा आणि छापताना रुपये करा.

खिडकीजवळचा_पीसी

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. देवनागरी नावे जावात चालतात, काना-मात्रांसह चालतात. दोष नावांचा नाही. तुमची फाइल यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणाऱ्या अक्षरसंकेतात, साठवलेली आहे. जावा 18 पासून, म्हणजे 2022 पासून, ठरवून न दिल्यास यूटीएफ-8 च गृहीत धरले जाते. त्याआधीच्या आवृत्त्या विंडोजच्या सेटिंगप्रमाणे चालत, आणि ते आपल्याकडे बहुधा विंडोज-1252 असते. त्यात देवनागरी नाही. परिणामी ‘क’ हे एक अक्षर कंपायलरला तीन वेगवेगळी चिन्हे म्हणून दिसते आणि त्यातले तिसरे एक ठिपका असतो, जो नावात चालत नाही. 100 हा आकडाही योगायोग नाही: जावासी 100 एरर दाखवून थांबतो, खऱ्या त्याहून जास्त असू शकतात.

प्रयोगशाळेत जावासीला हायफन एन्कोडिंग हा पर्याय देऊन पुढे यूटीएफ-8 लिहा. पडद्यावर मराठी छापताना काळ्या खिडकीत प्रश्नचिन्हे दिसली तर तो आणखी वेगळा प्रश्न आहे, त्यात आत्ता शिरू नका. क्लास फाइली घरून पेनड्राइव्हवर नेण्याचा मोहही टाळा. जावा 21 ने बनवलेल्या क्लास फाइलीची आवृत्ती 65 असते आणि जावा 8 ला 52 पर्यंतचीच कळते.

पायथॉनवाली_मावशी

एक शंका विचारते. आमच्या मुलीलाही असाच प्रोजेक्ट होता आणि तिथे इन्हेरिटन्स दाखवणे बंधनकारक होते. वरच्या रचनेत वारसा कुठेच नाही. मग गुण कसे मिळणार? आणि इतके सगळे करायचे तर थेट जेयुनिट हे चाचण्यांचे तयार साधन का वापरू नये?

प्रात्यक्षिक_वही

शंका रास्त आहे. बहुतेक विद्यार्थी घरगुती ग्राहक आणि व्यापारी ग्राहक असे दोन उपक्लास करतात आणि दोन्हींत फक्त दरांचे आकडे वेगळे असतात. आकडेच वेगळे असतील तर टप्प्यांची दुसरी यादी दिली की काम भागते, त्यासाठी नवा क्लास नको. पद्धतच वेगळी असेल तेव्हा वारशाला अर्थ येतो: समजा एका प्रकारच्या ग्राहकाला टप्पे नाहीतच, स्थिर आकार मंजूर भारावर ठरतो आणि कमी वापरालाही किमान रक्कम लागते. तेव्हा रक्कम काढण्याची मेथड उपक्लासमध्ये नव्याने लिहावी लागते, आणि तिच्यावर ओव्हरराइडची खूण अवश्य घालावी. मेथडच्या नावात एक अक्षर चुकले तर ती खूण नसताना जावा गुपचूप दुसरीच मेथड तयार करते, मूळ मेथडच चालत राहते आणि एरर येत नाही. गुणांसाठी असा एक प्रकार जोडा. केवळ शोभेचा जोडू नका.

जेयुनिट जरूर वापरा, पण असर्टच्या नऊ ओळी पास झाल्यानंतर. केंट बेक आणि एरिक गामा यांनी त्याची सुरुवात 1997 मध्ये विमानप्रवासात केली असे सांगतात. नवशिक्याचा त्याहून जास्त वेळ त्याची जार फाइल क्लासपाथवर, म्हणजे जावा क्लास जिथे शोधते त्या जागांच्या यादीत, बसवण्यात जातो. विंडोजवर क्लासपाथमधल्या दोन नोंदींमध्ये अर्धविराम आणि लिनक्सवर अपूर्णविराम लागतो, एवढ्यावर अख्खे प्रात्यक्षिक वाया गेलेले मी पाहिले आहे. जुन्या जेयुनिट 4 चा कोड पाहून जेयुनिट 5 मध्ये लिहू नका: जुन्या ‘बिफोर’ खुणेची मेथड जेयुनिट 5 च्या चाचणीआधी चालतच नाही आणि त्याची तक्रारही कोणी करत नाही. अपेक्षित किंमत आधी, मिळालेली नंतर, हा क्रमही पाळा, नाहीतर नापास चाचणीचा संदेश उलटा वाचला जाईल.

तिसरा_बाक

सांगितले तसे, पायरी-पायरीने केले. दर 4 असताना नऊही चाचण्या पास झाल्या, टप्पा क्लास आल्यावरही पास झाल्या, मग रेट्समध्ये 5 केला आणि 150 युनिटचे बिल 1020 आले. जुन्या आकड्यांच्या आठ चाचण्या नापास झाल्या, फक्त शून्य युनिटची पास राहिली. त्या आठांचे अपेक्षित आकडे कागदावर पुन्हा काढून बदलले. प्रयोगशाळेतही एन्कोडिंगचा पर्याय देऊन कंपाइल झाले.

एक गोष्ट मात्र खटकली. चुकून युनिटच्या जागी उणे 5 दिले गेले. दर 4 असतानाची जुनी आवृत्ती त्यावर 100 रुपये बिल काढत होती, त्याच दराने नवी 120 काढते. मग रचना बदलताना वागणूकही बदलली, असे म्हणायचे का?

प्रात्यक्षिक_वही

होय, बदलली. जुना कोड उणे युनिटांना दराने गुणून स्थिर आकारातून 20 रुपये वजा करत होता. नव्यात शून्याखालचे शून्य धरायचे असे मीच सांगितले, त्यामुळे ती वजाबाकी गेली. आपल्या नऊ चाचण्यांत उणे आकडा नव्हता म्हणून ते कोणालाच दिसले नाही, आणि ती चूक माझी आहे. खरे पाहता 100 हेही चूक आणि 120 हेही चूक. मीटर बदलला किंवा वाचन चुकले तर चालू वाचन मागच्यापेक्षा कमी येऊ शकते, आणि तेव्हा बिल काढण्यापेक्षा नकार देणे योग्य. कस्टमरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये युनिट शून्यापेक्षा कमी असल्यास इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन फेका, आणि तो खरोखर फेकला जातो हे पाहणारी दहावी चाचणी आधी लिहा. ती नापास झालेली दिसली की मग अट घाला.